गोठ्यातली चिखलणी

आषाढात भातखाचरात जे चालते त्याला चिखलणी म्हणतात. खाचरात पाणी अडवून घेतात, बैलजोडी किंवा पॉवर टिलर घालतात आणि ओली माती इतकी घुसळतात की ढेकळे विरघळतात, मातीतली बारीक भोके बुजतात आणि वरचे पाणी खाली झिरपायचे थांबते. भाताला पाणी उभे हवे असते, म्हणून हा खटाटोप. ज्याला चिखलणी कळते त्याला चिखल कसा होतो हे निराळे शिकवायला नको. माती, पाणी आणि तुडवणूक तिन्ही एका वेळी एका जागी आली की चिखल होतो. तिन्हींतले एक काढून घेतले की होत नाही. तरीही तोच शेतकरी खाचरातून घरी येतो, गोठ्याच्या दारातल्या घोट्याएवढ्या राड्यातून वाट काढतो आणि म्हणतो, यंदा पाऊसच तसा आहे. दहा गायी दिवसातून चार वेळा त्या दारातून आत-बाहेर झाल्या, तर प्रत्येक पायाचे एकच पाऊल धरले तरी एकशे साठ खूर रोज त्याच चार हात जागेवर पडतात. खाचरातला बैलसुद्धा एका जागी इतका फिरत नाही. म्हणजे गोठ्याच्या दारात आपण चार महिने रोज चिखलणी करतो आणि दोष आभाळाला देतो. या चिखलावर खर्च होत नाही असेही नाही. खर्च होतो, पण तो बहुधा गोठ्याच्या आतल्या कोब्यावर. खरे काम असते छपराच्या कडेला आणि भिंतीबाहेरच्या दहा फुटांत, आणि तिकडे फारसे कोणी पाहत नाही.

आधी खुराचा हिशेब पाहू. दुधाची संकरित गाय साधारण ४०० ते ५०० किलोंची असते. उभी असताना हे वजन चार खुरांवर असते, चालताना दोन किंवा तीन खुरांवर येते. ट्रॅक्टर तिच्यापेक्षा कितीतरी जड, पण त्याचे वजन रुंद टायरांवर पसरते. म्हणून चौरस इंचाला पडणारा दाब मोजला तर गायीचा खूर ट्रॅक्टरच्या चाकाला मागे टाकतो. कोरड्या जमिनीला त्याचे काही वाटत नाही. ओल्या जमिनीत मात्र खूर रुततो, वर येताना कडेची माती ओढून घेतो आणि मागे एक वाटी सोडतो. वाटीत पाणी साचते. दोन वाट्यांमधला उंचवटा निसरडा असतो, म्हणून मागची गाय पाय टाकते तो पुन्हा वाटीतच. आठवड्याभरात अशा शेकडो वाट्या होतात, आणि जमिनीला उतार असला तरी पाणी वाहून जात नाही, कारण वाहायला सलग पृष्ठभागच उरलेला नसतो. त्यात जमीन काळी असली तर विचारूच नये. काळ्या रेगुर मातीत चिकणमातीचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. ती भिजली की फुगते आणि पाण्याची वाट आपल्याच अंगाने बंद करते. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बारामती-फलटणकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास. पण जांभ्याची जमीन पाणी लवकर सोडते, आणि काळ्या रानातला गोठा तेवढ्याशा पावसातही गुडघ्याएवढ्या रेंद्यात उभा राहतो. पावसाचा आकडा आणि चिखलाची खोली यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, हे एवढ्यावरूनही दिसावे.

आता पाण्याचा हिशेब. हा कागदावर मांडायला दोन मिनिटे लागतात, पण गोठा बांधताना तो मांडणारे कमी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा गायींच्या गोठ्याचे छप्पर पन्नास फूट बाय वीस फूट धरले तर ते ९३ चौरस मीटर भरते. पावसाळ्यात १००० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छपरावरून ९३ हजार लिटर पाणी उतरते, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. त्याच दहा गायींचे मूत्र, गायीमागे दिवसाला बारा लिटर धरले, तर चार महिन्यांत पंधरा हजार लिटरच्या आत राहते. शेण गायीमागे पंचवीस किलो आणि त्यात चार पंचमांश पाणी असे मानले तरी त्या शेणातले पाणी चोवीस हजार लिटर. शेण-मूत्र दोन्ही मिळून जितके पाणी जमिनीवर येते त्याच्या दुपटीहून जास्त एकटे छप्पर ओतते. आणि ते सगळीकडे पसरून पडत नाही, पागोळ्यांच्या दोन रेघांत पडते. पावसाळ्याच्या अखेरीला कोणत्याही पत्र्याच्या गोठ्याच्या बाजूला उभे राहून खाली पाहावे. पागोळीच्या बरोबर खाली वीतभर रुंदीचा एक सरळ चर पडलेला असतो, त्यात माती वाहून जाऊन धुतलेले खडे उघडे पडलेले असतात, भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत शिंतोड्यांचा तपकिरी पट्टा असतो. गोठ्याचे दार बहुतेक वेळा लांब बाजूलाच असते, म्हणजे गाय आत-बाहेर करताना नेमकी याच रेघेवरून जाते. नऊ टँकर पाणी आणि एकशे साठ खूर यांची भेट आपणच ठरवून घडवून आणतो. यावरचा उपाय आपल्या भाषेत जुना आहे: पन्हळ. उभा चिरलेला सहा इंची पीव्हीसी पाइप पत्र्याच्या कडेखाली किंचित उतार देऊन बांधला आणि टोकाला उभ्या नळाने पाणी टाकीत किंवा चरात सोडले, तर चिखलाचे बरेचसे पाणी जमिनीला लागतच नाही. साठवले तर तेच पाणी गोठा धुवायला येते. गोठ्यावर लाखो रुपये घालणारी माणसे पन्हळ मात्र ‘नंतर बघू’वर ठेवतात, याचे कोडे सुटत नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार मुरमाचा. जूनच्या तोंडावर गोठ्याच्या दारात एक ट्रॉली मुरूम टाकायचा, तो पसरायचा आणि ऑगस्टमध्ये ‘सगळा वाहून गेला’ म्हणून हळहळायचे, हा अनेक गावांतला वार्षिक विधी आहे. तो मुरूम वाहून गेलेला नसतो. पोळ्याच्या सुमारास तिथे कुदळ मारली तर फूट-दीड फुटावर सापडतो. चिकणमाती ओली झाली की तिचा आधार जातो, वरून खूर दाबतो, खडे खाली बसतात आणि खालची माती खड्यांच्या फटींतून वर येते. रस्ता बांधणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून ते काळ्या मातीवर थेट खडी टाकत नाहीत. आधी काळी माती उचलतात, किंवा खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरतात. अमेरिकेतल्या केंटकीसारख्या ओल्या राज्यांत कृषी विद्यापीठे गुरांच्या दारापुढे आणि पाण्याच्या टाकीभोवती हीच पद्धत सांगतात: वरची मऊ माती काढा, कापड घाला, त्यावर जाड खडी, तिच्यावर बारीक कच दाबून घ्या. आपल्याकडे कापड नाही मिळाले तरी पहिली पायरी कोणाच्याही हातात आहे. दारापुढची नऊ इंच काळी माती आधी उचलायची, तिथे डबर भरायचा, मग कठीण मुरूम, मग कच, आणि सगळे पाणी मारून धुमसाने किंवा रोलरने दाबायचे. मऊ मुरूम नको, कारण तो खुराखाली दळला जाऊन दुसऱ्या पावसाळ्यात स्वतःच चिखल होतो. हे एकदाच करायचे काम आहे आणि तेही मोजक्या जागी: दार, पाण्याची टाकी आणि बाहेरची गव्हाण. दर जूनला एक याप्रमाणे पाच ट्रॉल्या मातीत गाडण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पण एवढे करायचेच कशाला, असे विचारणारे असतात. गुरे चिखलातच वाढली, दूध तर येतेच आहे. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दुधातच आहे. गाय दिवसाचे दहा ते चौदा तास आडवी असते. बसून रवंथ करणे हा तिचा अर्धा संसार. ती बसली की कासेकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि खुरांवरचा भार उतरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गायींना निरनिराळ्या ओलीच्या मातीत ठेवून पाहिले. माती जितकी ओली तितक्या त्या कमी बसल्या, आणि बसल्या त्या मातीवर न बसता शेजारच्या कठीण काँक्रीटवर जास्त बसू लागल्या. गायीला काँक्रीट आवडत नाही, हे गोपालक जाणतात; तरी चिखलापेक्षा तिने ते पत्करले. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या आहाराचे गणित मांडताना चिखलाचा वेगळा गुणक ठेवला आहे: चार ते आठ इंच चिखल असेल तर खाणे सुमारे १५ टक्क्यांनी कमी धरावे, फूट-दोन फूट असेल तर ३० टक्क्यांनी. ते आकडे तिकडच्या बंदिस्त वाड्यांतल्या गुरांचे आहेत, आपल्या दुभत्या गायींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गव्हाणीपर्यंत जायलाच कष्ट पडत असतील तर गाय फेऱ्या कमी करते, हे कोणत्याही देशात खरे.

खरा फटका कासेला बसतो. धार काढल्यावर सडाचे तोंड लगेच मिटत नाही. अर्धा तास, कधी तासभर ते सैल असते. त्या वेळात गाय शेणमिश्रित चिखलात बसली की कासदाहाच्या जंतूंना उघडे दार मिळते. गावात ज्याला दगडी म्हणतात तो झाला तर निदान दिसतो तरी. न दिसणारा, छुपा कासदाह जास्त महाग पडतो. कास नेहमीसारखी दिसते, दूध पांढरेच असते, पण दुधातली साखर घटते आणि तिच्याबरोबर एसएनएफ, म्हणजे दुधातला स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग, घसरते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेले की दर कापला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये संकलन केंद्रावरच्या पावतीत एसएनएफ घसरलेली दिसली की शेतकरी चारा बदलतो, खनिज मिश्रण आणतो, पेंड वाढवतो. ओल्या चाऱ्याचा त्यात वाटा असतोच. पण गाय कुठे बसली होती हे पाहायला फारसे कोणी गोठ्यात जात नाही. धार काढल्याबरोबर पुढ्यात वैरण टाकावी म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील, हा बिनखर्चाचा उपाय पशुवैद्य सांगत आले आहेत; चिखल आहे तोवर त्याने नुकसान थोडे आटोक्यात राहते, थांबत नाही.

खुरांचे दुखणे तर भाषेनेच टिपून ठेवले आहे. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पायांच्या बोटांमध्ये कातडी पांढरी होऊन फाटते, आग होते. त्याला आपण चिखल्या म्हणतो. गायीच्या खुराच्या बेचक्यात नेमके तेच होते. खुराचे शिंग पाणी पिऊन मऊ पडते, बेचक्यातली कातडी भिजून सोलते आणि हवा नसलेल्या चिखलात वाढणारे जंतू आत शिरून खूर सडू लागतो. मोरचुदाच्या पाच टक्के पाण्यात पाय बुडवून गुरे नेली तर आराम पडतो, पण त्या हौदातून बाहेर पडताच पुन्हा राड्यात पाय पडणार असेल तर ते मोरचूद वायाच गेले. बाकीच्या रोगांची यादी लांबवत नाही. साचलेल्या डबक्यातल्या गोगलगाई चपट्या कृमींना घर देतात, कुजत्या शेण-चाऱ्याच्या रेंद्यात चावऱ्या माश्या वाढतात, घटसर्प पावसाळ्यात डोके वर काढतो. एक गोष्ट मात्र गुरांपुरती नाही. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात उतरतात आणि फाटलेल्या कातडीवाटे माणसात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईच्या घराघरांत या रोगाचे नाव पोचले. पण रोज पहाटे अनवाणी शेण भरणाऱ्या बाईचा त्याच्याशी संबंध त्याहून जुना आणि रोजचा आहे. शेण काढणे हे आपल्याकडे बहुतेक घरांत बायकांचे काम. दारापुढचा निर्णय पुरुषाचा आणि चिखल्या बाईच्या, अशी ही वाटणी आहे. पन्हळ ‘नंतर बघू’वर का राहते, याचे अर्धे उत्तर बहुधा इथेच असावे.

सरकारला चिखल दिसलेला नाही असे म्हणता येणार नाही. २०२१ च्या शासन निर्णयाने रोजगार हमीच्या कामांची सांगड घालून शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली, तिच्यात गाई-म्हशींसाठी पक्का गोठा हे काम आहे. पावसाळ्यात गोठ्याची जमीन दलदल होते, जनावरे त्यातच बसतात आणि त्यांना कासदाह होतो, असे कारण खुद्द त्या निर्णयात दिलेले आहे. सरकारी कागदात इतके अचूक निदान क्वचित वाचायला मिळते. पुढे मापे येतात: दोन ते सहा जनावरांसाठी ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद गोठा, म्हणजे २६.९५ चौरस मीटर, गव्हाण, २५० लिटरचे मूत्रसंचय टाके, २०० लिटरचे पिण्याच्या पाण्याचे टाके, अनुदान ७७,१८८ रुपये. ही यादी भिंतीशी थांबते. दारापुढचा दगडी पट्टा, पन्हळ, वरच्या अंगाचे पाणी वळवणारा चर यांचा त्या मापांत पत्ता नाही. आतली जमीन पक्की झाली याचा फायदा नक्कीच आहे. कोब्यावर निदान शेण खरवडून काढता येते. पण गाय चोवीस तास कोब्यावर राहत नाही. ती बाहेरचा राडा पायांना लावून आत आणते आणि कोबा ओला, निसरडा होतो. गुळगुळीत कोबा किंवा शहाबादी फरशी ओली झाली की गाय पाय फाकून पडते, आणि तशी पडलेली जड गाय बरेचदा पुन्हा उठत नाही. कोबा करायचाच तर त्यावर ओला असतानाच बोटभर रुंदीच्या खाचा पाडाव्यात आणि बसायच्या जागी काही तरी कोरडे अंथरावे. कोकणात पावसाळ्याआधी पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, गोळा करून ठेवायची आणि तो गुरांखाली पसरायची चाल आहे. शेणामुताने भिजलेला पातेरा पुढे खतात जातो. उसाच्या पट्ट्यात पाचटाचे ढीग शेतातच पेटवतात आणि शेजारच्या गोठ्यात गाय ओल्या फरशीवर बसलेली असते. तेच पाचट गंजी लावून जूनपर्यंत झाकून ठेवणे काही अवघड नाही.

मुक्त संचार गोठ्याचे पुरस्कर्ते इथे म्हणतील की दावणीला बांधणेच बंद करा, गाय मोकळी सोडा, ती आपली कोरडी जागा शोधून घेईल. गाय मोकळी असावी हे मान्य. पाणी, वैरण, सावली तिने स्वतः गाठावी यातच तिचे सुख आहे. पण कोरडी जागा शोधायला ती असावी लागते. भारतीय मानकांप्रमाणे मोकळ्या गोठ्यात गायीला छपराखाली ३.५ आणि उघड्यावर ७ चौरस मीटर जागा धरतात. दहा गायींचे रोजचे अडीचशे किलो शेण सत्तर चौरस मीटर उघड्यावर पडले तर चौरस मीटरला साडेतीन किलो झाले. उन्हाळ्यात ते वाळते, खुरांखाली भुगा होते आणि छान गादी बनते. मुक्त संचारची सुंदर छायाचित्रे मार्च-एप्रिलमधली असतात ती यामुळे. जुलैत हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, तेव्हा काहीच वाळत नाही, जे पडते ते साठत जाते. म्हणून अनेक जण गायीमागे दीडशे-दोनशे चौरस फूट जागा ठेवा म्हणतात, आणि पावसाळा सोडून आठ महिने ते बरोबरच आहे. पावसाळ्यात मात्र उलट करावे लागते. सगळे अंगण तुडवू देण्यापेक्षा त्याचा एक कोपरा कठीण करून, शंभर फुटांना तीन-चार फूट उतार देऊन, गायींना तेवढ्यातच ठेवावे, रोज शेण उचलावे आणि बाकीचे अंगण दसऱ्यापर्यंत बंद ठेवावे. जागा कमी मिळाली तरी पायांखाली घट्ट मिळते. चराऊ रानालाही हेच लागू. ओल्या पडात गुरे सोडली तर ती जितके खातात त्याहून जास्त तुडवतात, आणि दबलेल्या जमिनीत पुढे गवत विरळ येते. भर पावसात चारा कापून आणणे कष्टाचे आहे, पण ते रान वाचवते.

एक आक्षेप हमखास येतो: हे सगळे लाड त्या विलायती गायींचे, आपल्या देशी गायींना चिखलाचे काही होत नाही. यात अर्धे सत्य आहे आणि ते अर्धे फार मोलाचे आहे. इगतपुरी-अकोले भागातल्या घाटमाथ्यावरची डांगी गाय भर पावसात डोंगरावर चरते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि गारगोटीसारखे कठीण. त्या पावसाने घडवलेली ती जात आहे. पण ती दिवसभर उतारावर, वाहत्या पाण्याच्या जागी हिंडते, शेण डोंगरभर पडते. खुंट्याला बांधून आपल्याच शेणमुतात ती चार महिने उभी नसते. डांगीला चार हात जागेत दावणीला बांधले तर तिचे खूर किती दिवस टिकतील, हे तिच्या गुणांवरून सांगता येत नाही. उलट बाजूही पाहावी. होल्स्टीन फ्रिजियन ही मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या सखल, ओल्या कुरणांतली गाय. त्या लोकांनी ओल्या मुलखात गाय पाळली ती आधी कुरणाकुरणांत चर खोदून आणि हिवाळ्यात जमीन दलदलीची झाली की गायी आत घेऊन. आपण गाय आणली, तिचे रेत आणले, दुधाचे आकडे आणले. चर तिकडेच राहिले.

म्हशीचे काय, हाही प्रश्न येतोच. म्हैस तर चिखलात आपण होऊन लोळते, मग तिला चिखल वाईट कसा? म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूपच कमी असतात, रंग काळा, केस विरळ. ऊन तिला सोसत नाही. डबक्यात बसून ती अंग थंड करते आणि अंगावर वाळलेला लेप माश्यांना दूर ठेवतो. म्हणजे ती चिखल वापरते, दुपारी, काही तास, आणि उठून निघून जाते. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायची तर म्हैस धुऊन लख्ख करूनच आणावी लागते. डबक्यातला चिखल आणि सडाला लागलेला चिखल यांतला फरक तिथल्या गवळ्याला कोणी सांगावा लागत नाही. गोठ्यातला रेंदा हा मातीपेक्षा शेणाचाच जास्त असतो आणि म्हैस त्यात बसते ती दुसरीकडे जाता येत नाही म्हणून. तिला सोय करायचीच तर स्वच्छ पाण्याचे डबके किंवा फवारा द्यावा.

चिखलाशी झगडण्यापेक्षा त्याला टाळण्याची अक्कल आपल्याकडे नव्हती असे नाही. मेंढपाळ धनगरांचे वर्षच त्यावर बेतलेले आहे. पावसाळा ते माणदेश-फलटणच्या कमी पावसाच्या मुलखात काढतात आणि दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला, कोकणाकडे उतरतात. चारा-पाण्याचे गणित त्यात आहेच. पण ओल्या जमिनीत मेंढीचे खूर सडतात, हेही त्यात आहे. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात तर गोठा भक्कम, स्वच्छ आणि शेणाविना असला की खास पोषण न मिळताही जनावरे वाढतात, अशा आशयाचा श्लोक आहे. जुन्या ग्रंथात आहे म्हणून ते खरे ठरत नाही. पण चाऱ्याच्या आधी जागेचा विचार करणारा कोणी तरी तेव्हाही होता.

आता सर्वांत जोरकस आक्षेप: चिखल म्हणजे खत, ते काढून टाकायचे कसे? खत खरेच सोने आहे, म्हणूनच ते चिखलात घालवू नये. जनावराने टाकलेल्या नत्राचा जवळजवळ निम्मा भाग आणि पालाशाचा बहुतांश भाग मूत्रात असतो. ते मूत्र दारातल्या राड्यात गेले, त्यावर छपराचे नऊ टँकर पाणी पडले, की पालाश ओढ्याला मिळतो आणि नत्राचा काही भाग विहिरीत उतरतो. वैशाखात तो वाळलेला राडा खणून ट्रॉलीत भरला तर निम्मी ट्रॉली आपलीच माती असते. तीच माती भाडे देऊन आपण आपल्याच शेतात नेतो. उकिरडा गोठ्याच्या वरच्या अंगाला असला तर त्याचा काढा पावसाबरोबर थेट गोठ्यात येतो, आणि असे उकिरडे हवे तितके आहेत. उकिरडा खालच्या अंगाला हलवला, वर पाचटाचे आच्छादन घातले आणि रोजचे शेण रोज तिथे गेले, तर खतही वाचते आणि दारही.

राहिला पैशांचा आणि जागेचा प्रश्न. दोन गायींच्या घरात जिओटेक्स्टाइलची भाषा करणे हास्यास्पद आहे हे कबूल. पण दोन गायींचे छप्परही लहान असते, आणि पाण्याची टाकी दारापासून हलवणे, तिच्या नळाला फ्लोट बसवून सांडणारे पाणी थांबवणे, वरच्या अंगाला कुदळीने एक तिरपा चर ओढणे यांना पैशांपेक्षा एक-दोन दिवसांची मेहनतच जास्त लागते. ज्याचा गोठा गावठाणात दोन घरांच्या बोळात आहे आणि शेजाऱ्याच्या छपराचे पाणी ज्याच्या दारात उतरते, त्याला यातले बरेचसे करता येणार नाही. तिथे ग्रामपंचायतीच्या गटाराशिवाय मार्ग नाही. ‘चार महिन्यांचा तर प्रश्न आहे’ हे मात्र पटत नाही. ऑगस्टमध्ये निकामी झालेला सड पुढच्या वेतातही निकामीच राहतो, आणि लंगडी झालेली गाय माज नीट दाखवत नाही, म्हणून तिचे गाभण राहणे लांबते. चार महिन्यांचे देणे वर्षभर फिटत राहते.

दरवर्षी वसुबारस येते. गाय-वासराचे पाय धुतले जातात, खुरांना हळद-कुंकू लागते. त्याच दिवसांत गोठ्याभोवतीचा चिखल वाळून दगड झालेला असतो आणि त्यात पावसाळ्याचा सगळा नकाशा उमटलेला असतो. खुरांचे ठसे कुठे सर्वांत खोल आहेत, पागोळीचा चर दाराला कुठे छेदतो, पाणी कुठल्या कोपऱ्यातून आत आले, टाकीभोवतीचे वर्तुळ किती रुंद आहे, हे मोजायला टेपसुद्धा लागत नाही. त्या जागी चार खुंट्या तेव्हाच ठोकून ठेवता येतात. खोदकाम मग माती हाताशी येईल तेव्हा, मुरूम-डबर उन्हाळ्यात. होळीपर्यंत वाळलेले कंगोरे तुडवून सपाट होतात, धूळ बसते, अंगण झाडलेले दिसते, आणि मग जून येईपर्यंत पाणी कुठून आले होते हे कोणालाच नेमके आठवत नाही.